डबल कॉइल वूफर आणि ब्रिज केलेला ॲम्प : तेरा महिन्यांचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या स्विफ्टला 4 चॅनेलचा ॲम्प आणि 12 इंची डबल कॉइल वूफर (बेसचा मोठा स्पीकर, आत तारेची दोन वेटोळी असलेला) बसवून घेतला. पुढचे दोन चॅनेल दारांतल्या स्पीकरना, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र जोडून, वूफरला. त्याच संध्याकाळी विजापूर रोडला चक्कर मारली तर आतला आरसा थरथरत होता. फिटर म्हणाला होता, "मालक, दोन्ही कॉइल पॅरललला टाकल्यात, फुल पॉवर मिळतीय बघा." पॅरलल म्हणजे काय, हे मी विचारलंच नाही.

मे महिन्यात आईला घेऊन अक्कलकोटला निघालो. दुपारचं ऊन, एसी फुल. वळसंगच्या पुढे गाणं एकदम बंद. डिकी उघडली तर ॲम्पवर लाल दिवा, आणि हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्याच्या धातूच्या अंगाला, बोट टेकवत नव्हतं. अर्ध्या तासाने चालू झाला, वीस मिनिटांत परत बंद. दुकानात गेलो तर "उन्हाने होतं" म्हणून एक फॅन बसवून दिला. चार दिवसांनी परत तोच लाल दिवा.

मग ॲम्पचं मॅन्युअल काढून बसलो. त्यात स्वच्छ छापलंय : स्टीरिओला (प्रत्येक चॅनेल वेगळा) किमान 2 ओहम, ब्रिजला किमान 4 ओहम. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका करंट जास्त. वूफरच्या मॅग्नेटवर 4+4 लिहिलेलं. 4 ओहमच्या दोन कॉइल पॅरलल केल्या (प्लसला प्लस, मायनसला मायनस) की 2 ओहम होतात, सिरीज केल्या (एकीमागे एक) की 8. म्हणजे ॲम्प सोसेल त्याच्या निम्म्या ओहमवर वूफर चालू होता.

ओहम निम्मा झाला की बिघडतं काय, ते समजून घ्या. माझा ॲम्प ब्रिजमध्ये 4 ओहमला 200 वॅट आरएमएस (सलग देता येणारी पॉवर) देतो, म्हणजे साधारण 28 व्होल्ट आणि 7 ॲम्पिअर. त्याच 28 व्होल्टवर 2 ओहम लावला तर करंट 14 ॲम्पिअर. शिवाय ब्रिजमध्ये दोन चॅनेल मिळून एक वूफर ओढतात, त्यामुळे प्रत्येक चॅनेलला ओहम निम्माच जाणवतो. 2 ओहमचा वूफर म्हणजे एकेका चॅनेलवर 1 ओहम. आउटपुट ट्रान्झिस्टर त्यानेच तापत होते. ऊन निमित्त झालं, मूळ दुखणं वायरिंगचं होतं. जास्त तापल्यावर लाल दिवा लावून ॲम्प बंद करणारं प्रोटेक्ट सर्किट चांगलं म्हणून ॲम्प वाचला.

साधा मल्टीमीटर घेतला. ॲम्पकडच्या वायरी सोडवून बॉक्सच्या टर्मिनलवर लावला : 1.8 ओहम. एकेक कॉइल सुटी मोजली तर 3.6. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो, 4 ओहमच्या कॉइलला 3.2 ते 3.7 दिसलं तर घाबरू नका. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करा, इतक्या कमी ओहमला त्याने फरक पडतो.

मग सिरीज केलं. एका कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडायचा, उरलेली दोन टोकं ॲम्पला. 8 ओहमवर पॉवर जवळपास निम्मी होते, त्यामुळे बेस पार मरेल अशी धास्ती होती. पण निम्मी पॉवर म्हणजे फक्त 3 डेसिबल. कानाला आवाज जरासा बसल्यासारखा वाटतो, बास. या तेवढ्या फरकापायी लोक ॲम्प जाळून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तसंच तीन महिने वाजवलं. नंतर भाच्याला स्वतःच्या गाडीसाठी 4+4 हवा होता, त्याला माझा दिला आणि मी 2+2 चा वूफर घेतला. सिरीजमध्ये तो बरोबर 4 ओहम, मीटरवर 3.6. ब्रिज करणार असाल तर दुकानात आधी ॲम्पचा किमान ओहम बघा, मग कॉइल निवडा. वॅटचे मोठे आकडे नंतर बघता येतात.

गेनही परत लावला. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेककडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवून घ्यायचं बटण. वूफर सोडवला, बेस बूस्ट बंद केला, पेनड्राइव्हवर 50 हर्ट्झचा टोन लावून डेक तीन चतुर्थांशवर ठेवला आणि ॲम्पच्या आउटपुटला एसी व्होल्ट 28 होईपर्यंत गेन फिरवला. दुकानातून आला तेव्हा गेन पूर्ण उजवीकडे होता.

तेव्हाच आणखी एक गोष्ट सापडली, ती जास्त धोक्याची होती. मेन वायरचा फ्यूज डिकीत, ॲम्पशेजारी लावलेला. बॅटरीपासून डिकीपर्यंतची अख्खी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना, कुठे पत्र्याला घासली तर थेट आग. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे. बॉनेट उघडून तुमचा आजच बघा.

या मे महिन्यात परत अक्कलकोटला गेलो, तीच दुपार, तोच रस्ता. मंदिराजवळ गाडी लावली आणि आई उतरेपर्यंत डिकी उघडून हीटसिंकवर तळहात ठेवला. गरम होता, पण हात काढावासा वाटला नाही. फॅन जूनमध्येच काढून ठेवलाय.