हेलडायव्हर्स २ : अकरा महिने खेळल्यावर, आणि त्या अर्ध्या मॅगझीनविषयी

हेलडायव्हर्स २ हा चौघांनी मिळून खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओगेम. काल रात्री त्यातल्या ऑटोमॅटनांच्या, म्हणजे यंत्रमानवांच्या, ग्रहावर सातव्या पातळीची मोहीम चालू होती. कामं सगळी उरकली होती, यान बोलावून झालं होतं, ते उतरायला मिनिटभर उरलं होतं. बंदुकीत निदान पंचवीस गोळ्या असतील, समोर कुणी नव्हतं, आणि बोटांना जुनी सवय. मी रीलोडचं बटण दाबलं. पंचवीस गोळ्यांचं मॅगझीन पायाशी पडलं आणि जवळचं शेवटचं मॅगझीन बंदुकीत चढलं. ते मी बघतोय तोवर धुक्यातून बर्सर्कर आले, हातांच्या जागी करवती बसवलेले, चार. दोघं पडेपर्यंत बंदूक रिकामी झाली. तेवढ्यात हेडफोनमधून मावसभावाचा आवाज आला, ‘अरे, मागच्या पॉडमध्ये माझा गोळ्यांचा डबा तसाच आहे. मी घेतला नव्हता, तू घे!’ पळत गेलो, डबा उचलला, वळलो, आणि आमच्या तुकडीतले आम्ही चौघंही यानात चढलो.

गेले सहा महिने लिहीन लिहीन म्हणत होतो. त्या न घेतलेल्या डब्यामुळे आज बसलोच.

गेम काय आहे हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला, ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर. चौघांची तुकडी, समोर किडे किंवा यंत्रमानव, आणि डिसेंबर २०२४ पासून इल्युमिनेट नावाचे परग्रहवासी. बाकीचं सोडून देतो. मला बोलायचंय ते मॅगझीनबद्दल.

बहुतेक शूटरमध्ये गोळ्या एका पिशवीत असल्यासारख्या मोजतात. पंचेचाळीसपैकी दहा झाडल्या आणि रीलोड केलं, तर पिशवीतून दहा कमी होतात, वाया काही जात नाही. त्यामुळे आपल्याला प्रत्येक चकमकीनंतर रीलोड करायची सवय लागते. इथे मॅगझीन ही एक वस्तू आहे. लिबरेटर रायफलच्या मॅगझीनमध्ये ४५ गोळ्या. दहा झाडून बदललंत तर उरलेल्या पस्तीस गोळ्या मॅगझीनसकट गेल्या. त्या परत उचलता येत नाहीत, दुसऱ्या मॅगझीनमध्ये भरता येत नाहीत.

पहिले दोन महिने मला हा नियम सहन होत नव्हता. मी वस्तू शेवटपर्यंत वापरणारा माणूस आहे. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, शिवून नवी वही करणारा. भरल्या मॅगझीनचं असं मातेरं होताना बघून मनापासून राग यायचा. रात्री खेळून उठलो तरी डोक्यात हिशोब चालू असायचा, आज किती गोळ्या फुकट घालवल्या. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाकी सगळं झकास आहे, एवढं एक बदला.

मग मी पळवाटा शोधल्या, आणि त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे पनिशर शॉटगन. तिच्यात काडतुसं एकेक करून भरली जातात, म्हणजे चार झाडली की चारच भरायची, वाया शून्य. दुसरी सायथ ही लेझर बंदूक. ती तापते, आणि पूर्ण तापून अडकली तरच आतला भाग बदलावा लागतो. तापण्याच्या जरा आधी बोट काढलं आणि तिला निवू दिलं, तर अख्खी मोहीम एका पैचाही खर्च न होता निघते. थंड ग्रहावर ती पटकन निवते, तापलेल्या ग्रहावर लवकर तापते, म्हणून उतरण्याआधी ग्रहाचं हवामान वाचायची सवय लागली. दोन महिने मी सायथ सोडून काही घेतलं नाही. काटकसरीत मजा होती, पण खेळ मात्र संथ झाला. माझी बंदूक निवतेय म्हणून बाकीचे तिघं माझा वाटा उचलत होते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

लिबरेटरकडे परत आलो ते पाचव्या महिन्यात, आणि या वेळी नियम वेगळाच दिसला. मी कानाने मोजायला लागलो. अर्धं मॅगझीन झालं की थांबायचं आणि आजूबाजूला बघायचं, आत्ता बदलू की पुढच्या दोघांना याच गोळ्यांत पाडू? रीलोड हा निर्णय झाला. आणि रीलोड मध्येच तुटला, समजा कुणी आपटलं किंवा उडी मारावी लागली, तर तो जिथे थांबला तिथूनच पुढे चालू होतो, जुनं मॅगझीन काढून झालं असेल तर नवं बसवण्यापासून. इतक्या बारकाईने ही क्रिया बांधली आहे, तर वाया जाणाऱ्या गोळ्याही विचार करूनच ठेवल्या असणार. माझं मत फिरलं ते इथे.

या टंचाईमुळेच तुकडी तयार होते. दारूगोळ्याचा पॉड मागवायचा तर खाली, खाली, वर, उजवीकडे अशी बाणांची कळ दाबायची आणि इशाऱ्याचा गोळा फेकायचा. आकाशातून पॉड येतो, त्यात चार डबे, माणशी एक. खेळ तुम्हाला दुसरा डबा घेण्यापासून अडवत नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना कोण एक डबा घेतो आणि कोण दोन, यावरून पाच मिनिटांत माणूस कळतो. जो वाटेत वळून ‘तुझ्याकडे आहे का?’ विचारतो त्याच्याशी मी पुढची तीन तीन मिशनं खेळलोय. काही जण तर पाठीवर सप्लाय पॅक घेऊन येतात, म्हणजे स्वतःची ढालीची किंवा जेटपॅकची जागा दुसऱ्यांच्या गोळ्यांसाठी देतात. अशा माणसाला मिशन संपल्यावर मी आवर्जून धन्यवाद लिहितो.

बाणांच्या कळांबद्दल थोडक्यात. पीसीवर खेळत असाल तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन त्या चालण्याच्या डब्ल्यू-ए-एस-डी बटणांवरून काढा आणि बाणांच्या बटणांवर टाका. मूळ मांडणीत कळ दाबताना चालता येत नाही, आणि उभं राहिलं की मेलात. मेलेल्या साथीदाराला परत बोलवायची कळ वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर. ती आता माझ्या बोटांत आहे, डोक्यात नाही. हल्ल्याच्या मध्यभागी ती बरोबर बसते तेव्हाचा आनंद कुठल्याही निशाण्यापेक्षा मोठा.

आपल्याच माणसाची गोळी आपल्याला लागते, आणि ते बंद करायची सोय नाही. ही मला पहिल्या दिवसापासून आवडलेली गोष्ट. ५०० किलोचा बॉम्ब कुठे टाकायचा हे ओरडून सांगावं लागतं, बुरुजावरच्या तोफेच्या वाटेत उभं राहून चालत नाही. चौघांना मिळून वीस जीव असतात आणि ते सगळ्यांचे सामाईक. एकाची बेफिकिरी चौघांना महागात पडते.

आता ज्याने मला खरोखर छळलंय त्याबद्दल.

या गेममध्ये दोघांनी मिळून रीलोड करायची सोय आहे. रिकॉइललेस रायफल किंवा ऑटोकॅनन असं जड शस्त्र एकाच्या खांद्यावर, दुसरा शेजारी गुडघा टेकून गोळा भरतो. मावसभावाबरोबर आम्ही हे एकदा नीट जमवलं. तळावर बॉट्सची, म्हणजे ऑटोमॅटनांची, कुमक घेऊन विमानं आली. मी पहिल्या विमानाच्या इंजिनवर झाडली, खांद्यावर ठक्क आवाज झाला, दुसरा गोळा आत. दुसरं विमान. ठक्क. तिसरं. एकटा असतो तर दरवेळी गुडघ्यावर बसून भरण्यात कितीतरी सेकंद गेले असते आणि तोवर विमानांनी माणसं उतरवून टाकली असती. तिन्ही विमानं जळत खाली आली, त्यांच्याखाली त्यांचीच फौज. त्यानंतर आम्ही दोघंही काही क्षण बोललो नाही. अकरा महिन्यांतली ती सगळ्यात चांगली पंधरा सेकंदं.

आणि तरीही ही सोय जवळपास कुणी वापरत नाही. कारण भरणाऱ्याने गोळ्यांची पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतलेली असावी लागते. म्हणजे रायफल माझ्याकडे, गोळे त्याच्याकडे. आम्ही लांब गेलो की माझ्या हातात नुसती नळी. आणि त्याची पाठ अडकली, म्हणजे त्याची ढाल गेली, पॅक गेला. नेमबाजाच्या पाठीवरच्या पिशवीतून शेजाऱ्याला गोळा काढून भरता आला असता, तर प्रत्येक तुकडीत प्रत्येक मिशनला हे दृश्य दिसलं असतं. ज्या खेळाने एका मॅगझीनवरून माणसांना एकत्र आणलं, त्याने आपली सगळ्यात सुंदर कल्पना अशी अडगळीत टाकावी याचं मला वाईट वाटतं. सप्टेंबर २०२४ च्या बदलांनी रिकॉइललेसची ताकद इतकी वाढवली की चार्जर हा चिलखती मोठा किडा डोक्यात एका गोळ्यात पडतो. ते छानच. पण त्यामुळे एकट्यानेच भागतं, आणि दुसऱ्याची गरज आणखी कमी झाली.

दुसरी तक्रार साठवणुकीची. मिशनमधून मिळणाऱ्या बहुतेक गोष्टींना इथे कमाल मर्यादा आहे. रिक्विझिशन (खेळातलं चलन) ५०,०००, पदकं २५०, सँपलं साधी ५००, दुर्मीळ २५०, सुपर १००. त्यापुढचं सगळं मातीत. जहाजाची सुधारणा पूर्ण झाली की सँपलं गोळा करायला कारणच उरत नाही, तरी सवयीने मी वाकून उचलतो आणि आकडा हलत नाही. गोळ्या वाया जाण्यातून निदान निर्णय घडतो, तणाव येतो. इथे वाया जाण्यातून काहीच घडत नाही. जपून ठेवणाऱ्याला खेळ सांगतो, जपू नकोस. हे मला आजही पटलेलं नाही आणि पटेलसं वाटत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र मनापासून कौतुक. वॉरबाँड म्हणजे नव्या शस्त्रांचा संच, सहसा १,००० सुपर क्रेडिट्सना. हे क्रेडिट्स विकत मिळतात, पण मिशनमध्ये जमिनीवरही सापडतात, बहुतेकदा दहा-दहा, क्वचित शंभर. एकाने उचललं की चौघांच्या खात्यात जमा होतात, म्हणून त्यावरून भांडण नाही. शिवाय वॉरबाँडला मुदत नसते, आज घेतला आणि सहा महिन्यांनी उघडला तरी चालतो. मी अकरा महिन्यांत गेमच्या किमतीपलीकडे एक पैसा घातलेला नाही आणि तीन वॉरबाँड घेतलेत. सोप्या पातळीवर एकट्याने फिरून खोपट्या, बंकर धुंडाळायचे. बंकरचं दार उघडायला मात्र दोन माणसं लागतात, तेव्हा एखादा सोबती घ्या.

जागेबद्दल माझं मत मधल्या काळात पूर्ण बदललं. पीसीवर हा गेम सुमारे १५४ जीबी खात होता, आणि त्यासाठी मी दोन गेम काढून टाकले होते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर लवकर उघडावा म्हणून त्याच फाइली पुन्हापुन्हा ठेवलेल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये ही पुनरावृत्ती काढली आणि आकार सुमारे २३ जीबीवर आला. मोजमाप केल्यावर निर्मात्यांना दिसलं की वेळ मुख्यतः नकाशा तयार होण्यात जातो, फाइली वाचण्यात नाही. हे त्यांनी उघडपणे सांगितलं, चूक मान्य केली, आणि मला ते आवडलं. माझ्या डिस्कवर एका रात्रीत १३० जीबी मोकळे झाले.

आकाशगंगेच्या युद्धाबद्दल सगळे लिहितात, मी थोडंच लिहितो. नकाशा सगळ्यांचा एकच, ग्रह सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात, आणि जे घडलं ते घडलं. मेरिडिया नावाचा ग्रह खेळाडूंनीच २०२४ मध्ये कृष्णविवर करून टाकला आणि पुढच्या वर्षी तेच कृष्णविवर सरकत सुपर अर्थच्या, म्हणजे खेळातल्या माणसांच्या मूळ ग्रहाच्या, दिशेने निघालं. मे २०२५ मध्ये खुद्द सुपर अर्थच्या शहरांत लढाई झाली. मी तेव्हा नव्हतो, आणि ती आता कधीच खेळता येणार नाही. याची हळहळ वाटते, पण हळहळ वाटावी असा खेळ आहे म्हणूनच.

इंटरनेटशिवाय हा चालतच नाही, एकट्याने खेळायचा असला तरी. आमच्याकडची जोडणी एका संध्याकाळी पस्तीसाव्या मिनिटाला तुटली आणि चाळीस मिनिटांच्या मोहिमेचं सगळं बक्षीस गेलं. दोष इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा, पण तोवर केलेल्या कामाचं थोडं तरी पदरात पडायला हवं होतं. जोडणी भरवशाची नसेल तर छोट्या मोहिमा निवडा.

नव्याने सुरू करणाऱ्याला माझं एवढंच सांगणं, तिसऱ्या-चौथ्या पातळीपर्यंत घाई करू नका, मायक्रोफोन चालू ठेवा, आणि पॉडमधून एकच डबा घ्या. आज रात्री आम्ही पुन्हा बॉट्सच्या ग्रहावर आहोत. रिकॉइललेस मी घेतोय, पिशवी मावसभाऊ घेणार म्हणालाय.