जुनी स्तोत्रगीते की नवी उपासनागीते?

ख्रिस्ती उपासनेत काय गावे यावर अनेक मंडळ्यांचे (चर्चच्या समुदायांचे) एकमत होत नाही, म्हणून आशय, गाण्याची सोय आणि खर्च या कसोट्यांवर दोन्ही प्रकार पाहू.

आशयात मला जुनी स्तोत्रगीते सरस वाटतात, कारण चार-पाच कडव्यांत पाप, क्रूस, पुनरुत्थान असा विचार क्रमाने पुढे सरकतो आणि पाठ झालेले कडवे आजारपणातही ओठांवर येते. नवी गीते बहुधा एकच ओळ आळवत राहतात. पण तो दोषच मानू नये, कारण बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १३६व्या स्तोत्राच्या २६ही ओव्यांत तेच ध्रुवपद येते.

गाण्याच्या सोयीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्रजी स्तोत्रांच्या 'कॉमन मीटर' या छंदात ओळींची अक्षरे ८, ६, ८, ६ अशी ठरलेली असल्याने एकाची चाल दुसऱ्यालाही बसते. नव्या गीतांचे शब्द नवख्यालाही लगेच कळतात. मात्र पट्टी मुख्य गायकाच्या आवाजाला जुळवलेली असली की कडव्यापाशी गाणारी मंडळी ध्रुवपदाच्या उंच स्वरांवर गप्प होते, आणि उपासनेत हे मला फार खटकते.

जुनी बहुतेक स्तोत्रे स्वामित्वहक्कमुक्त आहेत. नव्यांचे शब्द छापायला किंवा पडद्यावर दाखवायला सहसा परवाना लागतो.

शिकवणुकीला, अंत्यविधीला आणि वादक नसलेल्या लहान मंडळीला जुनी गीते योग्य. तरुणांच्या प्रार्थनासभेला आणि प्रथमच येणाऱ्यांना नवी, फक्त पट्टी दोन स्वर खाली घ्यावी.