छत गळालं, आणि कंपनी म्हणाली, भोक आमचं नाही

कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, बनवून देणारा शेवटचा हप्ता दुसऱ्याच फर्मच्या खात्यात मागत असेल, तर पैसे भरू नका आणि गाडीही उचलू नका. हे मला फेब्रुवारी २०२५ मध्ये कुणी सांगायला हवं होतं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे आणि उघड बोलणाऱ्या दोन गाडीमालकांना मानहानीच्या नोटिसा आल्या आहेत. पण पद्धत सगळीकडे तीच आहे, म्हणून आकड्यांसकट लिहितो.

गाडी शोरूममधून माझ्या नावावर घेतलेली. आतलं घर बांधून देण्याचं काम कंपनीचं: १२,५०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२५,०००, एकूण १४,७५,०००. पहिला हप्ता ५,९०,०००, फर्निचर उभं राहिल्यावर दुसरा ५,९०,०००, आणि ताबा घेताना २,९५,०००. शिवाय 'पाच वर्षं गळती वॉरंटी' म्हणून ३५,४०० वेगळे. कोटेशन चारदा वाचलं होतं. शेडमध्ये तीन फेऱ्या मारल्या होत्या. आधीच्या दोन ग्राहकांशी बोललो होतो, दोघेही खूश होते. त्यांच्या गाड्यांनी तोवर एकही पावसाळा पाहिला नव्हता, हे विचारायचं मात्र राहिलं.

ताब्याच्या दिवशी दोन गोष्टी माझ्या समोर घडल्या.

पहिली: गाडीचं मागचं दार उघडल्याबरोबर व्हिनेगरचा वास आला. झणझणीत, ओला वास. पलंगावर चढून वर पाहिलं तर छतावरच्या एसीच्या चौकटीभोवती पांढरं सिलिकॉन बोटाने फासलेलं होतं, काही ठिकाणी अजून चिकट. मी विचारलंही. 'सर, फिनिशिंगचा हात मारलाय, उद्या वास जाईल.' व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटिक सिलिकॉन, बाथरूमच्या काचेला लावतात ते. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, त्याने जीआय पत्रा आणि तांबं गंजतं. एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, हलत्या, तापणाऱ्या छतावर ते वर्षभरही धरत नाही. आणि आतल्या बाजूने ताजं सिलिकॉन का लागतं? वरून गळतंय हे त्यांना आधीच ठाऊक असेल तरच. हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा यायला हवा होता. वास नाकात होता, उत्तर समोर होतं, आणि मी खाली उतरून सोफ्याचं कापड बघत बसलो.

दुसरी, त्यानंतर वीस मिनिटांनी. 'सर, दोन पंच्याण्णवमधले एक लाख इथे टाका आणि एक पंच्याण्णव या खात्यात. इलेक्ट्रिकल आपली सिस्टर फर्म बघते, फक्त हिशेबाचं आहे.' लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि छतावरचा एसी या तीन वस्तू कंपनीच्या बिलातून काढून त्या फर्मच्या पावतीवर टाकल्या. मुख्य करइन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं बिल, झालं १२,८०,०००चं. आर्थिक वर्ष संपत आलेलं, गाडी तयार उभी, हातात चावी. अशा वेळी कुणीही माणूस 'हिशेबाचं आहे' हे ऐकून घेतो. मीही घेतलं.

२०२५चा पाऊस लवकर आला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच पलंगाच्या डोक्याशी छताचं कापड फुगलं, बोट लावलं तर पाणी टपकलं. फोटो, व्हिडिओ, ईमेल, सगळं त्याच दिवशी पाठवलं. अकरा दिवसांनी आलेलं उत्तर तसंच देतो: पाणी एसीच्या कटआउटमधून येत आहे, एसी आमच्या इन्व्हॉइसमध्ये नाही, त्यामुळे गळती वॉरंटी लागू होत नाही. ज्यांनी माझ्या देखत ते छत कापलं, त्यांनीच हे लिहिलं. बॅटरीचंही तेच, इन्व्हर्टरचंही तेच. सिस्टर फर्मचा फोन बंद. म्हणजे खातं बदलल्याने त्यांचा फक्त कर वाचला नाही, बिघडण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेल्या तीन वस्तू वॉरंटीतूनच बाहेर काढल्या गेल्या.

छत उघडल्यावर काय निघालं ते नीट वाचा, कारण तुमच्या गाडीतही हेच असू शकतं. एसीसाठी साधारण १४ बाय १४ इंचाचं भोक कापतात. एफआरपीच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, त्याची कापलेली कड रेझिनने बंद करायची असते. इथे कड कोरी होती. कोटेशनमध्ये आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय लिहिलेलं, निघाला साधा कमर्शियल प्लाय, तीन महिन्यांत पापुद्रे सुटलेला. चौकटीखाली ब्युटाइल टेपचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी पट्टीचा, पत्ता नाही. स्क्रू काळे, जिप्सम बोर्डाचे, डोकी गंजलेली. पाणी स्क्रूच्या भोकातून प्लायमध्ये शिरायचं आणि उतार असेल तिकडे दोन-तीन फूट सरकून टपकायचं. म्हणून डाग जिथे दिसतो तिथे गळती शोधू नका.

दुरुस्ती अशी झाली. जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून पूर्ण काढलं, कारण जुन्या सिलिकॉनवर दुसरं काही धड चिकटत नाही. कुजलेला प्लाय निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला, उरलेला चार दिवस हीटर लावून सुकवला, नवा तुकडा बसवून कडेला एपॉक्सीचे दोन हात दिले. चौकटीखाली ३ मिमी जाडीची ब्युटाइल टेप, एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे आवळत, टेप चारी बाजूंनी सारखी बाहेर येईपर्यंत. एकदम आवळलं तर टेप एका बाजूने पूर्ण पिळून निघते आणि तिथेच पुन्हा गळतं. वरून पॉलियुरेथेन सीलंटची गोट. ते दिवसाला साधारण ३ मिमी खोल सुकतं, तेवढा वेळ गाडी पावसात काढायची नाही.

ताबा उन्हाळ्यात घेत असाल तर तिथेच पाइपने अर्धा तास छतावर पाणी मारायला लावा. आधी छत, मग खिडक्यांच्या वरच्या कडा, शेवटी मागचे दिवे. दुसऱ्या दिवशी ओलावा मोजायचं मीटर आतून फिरवा. १५ टक्क्यांच्या आत ठीक, २०च्या वर गेलं की कुठेतरी पाणी शिरलंय. मीटर दीड-दोन हजारांत मिळतं. पाण्याची चाचणी नको म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊच नका.

आता बॅटरी. स्टिकरवर १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर. अशी खरी बॅटरी साधारण २२ ते २५ किलोची असते. ही किराणा दुकानाच्या काट्यावर साडेचौदा किलो भरली. पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा लोड लावला. बॅटरीतून साधारण ५० अँपिअर जातात, म्हणजे चार तासांच्या आसपास चालायला हवी. २ तास २० मिनिटांत बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, वीज तोडली: ११७ अँपिअर-अवर. आतल्या सेलवरचे क्यूआर कोड घासून टाकलेले होते, म्हणजे बहुधा वापरलेले सेल. कंपनीचं 'रात्रभर एसी' हे वाक्य तर मुळातच खोटं. खरी २०० अँपिअर-अवर असती तरी ती २,५६० वॅट-अवर, आणि हजार वॅट ओढणारा एसी त्यावर सव्वादोन तासांच्या वर जात नाही. हा भागाकार मला येत होता.

सगळ्यात संताप केबलचा येतो. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६७ अँपिअर ओढतो, नुकसान धरून १८५च्या पुढे. तिथे किमान ५० चौ. मिमी तांब्याची केबल आणि बॅटरीच्या टोकाशी, हातभर अंतराच्या आत, फ्यूज लागतो. बसवली होती २५ चौ. मिमी, फ्यूज नाही, आणि लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडाच्या, जवळ वेष्टण तपकिरी पडलेलं. या गाडीत मुलं झोपतात. तुमच्या गाडीत आज हात लावून बघा. लोडवर दहा मिनिटांत केबल हाताला चटका देत असेल तर इन्व्हर्टर बंद ठेवा.

खर्च असा: छत आणि एफआरपी ४६,५००, आतलं कापड आणि गादी २१,८००, नवी बॅटरी ६८,०००, केबल-फ्यूज-मजुरी १४,२००, नुकसानाची पाहणी करणाऱ्या सर्व्हेयरचा अहवाल ६,०००. त्यात वॉरंटीचे फुकट गेलेले ३५,४०० मिळवले की १,९१,९००. सर्व्हेयरचे सहा हजार मात्र वाया गेले असं समजू नका. दुरुस्तीआधी त्याचा फोटोंसह अहवाल नसेल, तर पुरावा तुम्हीच कापून फेकलेला असतो.

मदत कुठे मिळाली? कुठेच नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, कंपनीला मेल गेला, कंपनीने उत्तर दिलं नाही आणि तक्रार बंद झाली. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो तर 'साहेब, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.' ११७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर २००चा स्टिकर चिकटवून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? दुसऱ्यांदा गेलो तर अर्ज कुठे ठेवलाय तेच सापडेना. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. दखल घेतली नाही तर तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात आयुक्तालयाला, आणि पोचपावती जपा. पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जायचं तर ती लागते.

आरटीओचं तर काय सांगावं. 'पासिंगचं आम्ही बघतो' असं कंपनीने लिहून दिलं होतं, आणि आरसीवर बदलाची नोंदच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला मान्यता लागते, आणि तिच्याशिवाय बदल केल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकावर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकावर! बनवणारा शेडमध्ये बसलेला. काउंटरवर विचारलं तर एक म्हणतो गाडी बदलून देणाऱ्या कंपनीचं मंजुरीपत्र आणा, दुसरा म्हणतो गाडी पहिल्यासारखी करून आणा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. मंजुरीपत्र त्या मानकाचं आणि तुमच्याच मॉडेलचं आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी पाहा. आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय करेल ते सांगायला नको.

आयोगाचं शुल्क कमी आहे, भरलेली रक्कम १० ते २० लाखांत असेल तर ४०० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षं. कायद्यात लिहिलंय की वस्तूची तपासणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल द्यावा. पाच महिने कधीच उलटले. समोरच्याने उत्तर ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत द्यायचं असतं, तरी एक तारीख त्यांच्या वकिलाच्या गैरहजेरीत गेली, एक सदस्य नाहीत म्हणून गेली. आणि गाडी भाड्याने देण्याची एकही जाहिरात कुठे टाकली असेल तर सावध राहा. व्यावसायिक वापर दाखवून ते तुम्हाला 'ग्राहक'च नाही असं म्हणतील. एका मालकाबाबत म्हणालेच.

कंपनी आर्थिक अडचणीत होती हे आधी कळलं असतं का? कळलं असतं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की रिटर्न कधी कधी भरले त्याची यादी दिसते. यांचे महिनोन् महिने भरलेले नव्हते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत मालमत्तेवर कुणाकुणाचा बोजा आहे ते दिसतं. शेडमध्ये अर्धवट गाड्या अकरा आणि कामगार चार, हे मी स्वतः मोजलं होतं. नव्या ग्राहकाच्या ॲडव्हान्सवर जुन्याची गाडी पूर्ण होते, आणि बुकिंग थांबलं की सगळ्यांचीच अडते. अमेरिकेत मार्च २००९ मध्ये मोनॅको कोच आणि फ्लीटवूड या मोठ्या मोटरहोम कंपन्या काही दिवसांच्या अंतराने दिवाळखोरीत गेल्या, तेव्हाही मालकांना खरा आधार उरला तो इंजिन, चेसिस, फ्रिज बनवणाऱ्यांच्या वेगळ्या वॉरंट्यांचा. म्हणून बॅटरी, इन्व्हर्टर, एसी, फ्रिज, पंप, प्रत्येकाचा सीरियल नंबर करइन्व्हॉइसवर छापून घ्या आणि मूळ उत्पादकाकडे स्वतःच्या नावावर त्याच आठवड्यात नोंदवा. सीरियल नंबरची जागा कोरी असलेलं वॉरंटी कार्ड घेऊ नका. माझ्या कार्डावर कोरी होती.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राची २७, पुढची दहा म्हणजे पॅन. संपूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर 'सी' असेल तर ती कंपनी, 'पी' असेल तर एकटा माणूस. माझ्या १,९५,०००च्या पावतीवर तिथे 'पी' छापलेलं आहे. गेल्या महिन्यात त्याच शेडवर नवीन नावाचा फलक लागला, नवीन कोटेशन फिरायला लागली, ५० टक्के ॲडव्हान्सची. एक कोटेशन माझ्याकडे आलं आहे. त्यावरचा पॅन त्या पावतीवरचाच आहे, आणि बँक खातंही तेच.