कीटकनाशक ओळखणाऱ्या जैवसंवेदकासाठी कोणत्या नॅनोनलिका वाढवाव्यात?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयात ऑर्गनोफॉस्फेट या गटातील कीटकनाशके ओळखणारा संवेदक हा प्रकल्पाचा विषय कोणी निवडला, तर त्याचे कारण विचारावे लागत नाही. अशा संवेदकात ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) इलेक्ट्रोडवर बसवलेले असते. ते ॲसिटिलथायोकोलिनचे विघटन करून थायोकोलिन तयार करते, त्याच्या ऑक्सिडीकरणातून विद्युतप्रवाह मिळतो आणि कीटकनाशकाने विकराला निकामी केले की तो प्रवाह घटतो. प्रश्न एवढाच, की विकर कोणत्या नॅनोनलिकांवर, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांवर, बसवावे.

संकेताचा, म्हणजे मिळणाऱ्या विद्युतप्रवाहाचा, विचार केला, तर कार्बन नलिका सरस आहेत. त्या वीज उत्तम वाहून नेतात आणि थायोकोलिनचे ऑक्सिडीकरण कमी विभवावर (व्होल्टेजवर) घडवतात, त्यामुळे नमुन्यातील इतर पदार्थांची ढवळाढवळ कमी होते. मात्र त्या वाढवण्यासाठी लोह किंवा निकेलच्या कणांवर ॲसिटिलीनसारखा वायू साधारण 600 ते 900 अंश सेल्सिअसला सोडावा लागतो. क्वार्ट्झची नळी, आर्गॉन व हायड्रोजनची सिलिंडरे आणि मध्येच न जाणारी वीज, ही सामग्री आपल्याकडे एकत्र मिळणे अवघड. शिवाय उत्प्रेरक धातूचे अवशेष आम्लाने धुऊन काढावे लागतात.

टायटॅनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) नलिका खोलीच्या तापमानाला वाढतात. टायटॅनियमचा पत्रा अमोनियम फ्लोराइड व थोडे पाणी मिसळलेल्या इथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवून 20 ते 60 व्होल्ट दिले, की उभ्या नलिकांची रांग तयार होते; व्होल्टेज वाढवले की व्यासही वाढतो. नंतर सुमारे 450 अंशांवर भाजल्यास त्यांचे स्फटिकी ॲनाटेज रूप मिळते. फ्लोराइड काचेला आणि त्वचेलाही घातक असल्याने प्लास्टिकचे भांडे, हातमोजे व वाफा ओढून घेणारे कपाट (फ्यूम हूड) यांत तडजोड नको. पदार्थ जैवसुसंगत आहे, पण वहनक्षमता बेताची, म्हणून संकेत क्षीण येतो.

झिंक ऑक्साइड सर्वांत स्वस्त पडतो, कारण 90 अंशांच्या पाण्यातही त्याच्या कांड्या वाढतात. परंतु त्या पोकळ करण्यासाठी वेगळे कोरीवकाम लागते आणि आम्लधर्मी नमुन्यात त्या विरघळतात.

माझ्या मते, नलिका वाढवणे हाच प्रकल्पाचा विषय असेल तर टायटॅनिया घ्यावा. संवेदक चालवून दाखवायचा असेल तर कार्बन नलिका तयार विकत आणाव्यात, त्यात कमीपणा नाही. विकर बसवलेला इलेक्ट्रोड मात्र तिन्ही बाबतींत 4 अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो, तेव्हा मे महिन्यातील भारनियमनात महाविद्यालयाचा फ्रिज कसा चालतो, हे आधी पाहून घ्यावे.