पावसाळ्यानंतर आउटबोर्ड दम धरेना? पारदर्शक बाऊलवाला फ्युएल फिल्टर वापरून सांगतोय

सरळ सांगतो, पेट्रोलचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) असेल आणि बोट पावसाळ्यात वर काढून ठेवत असाल तर हा फिल्टर घ्याच. टाकी आणि इंजिनच्या मध्ये बसणारा वॉटर सेपरेटर, म्हणजे पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा, दहा मायक्रॉनचा, खाली आरपार दिसणारा बाऊल असलेला. ब्रँड सांगत नाही कारण माझ्याकडचा साधा लोकल माल आहे, असेच चार-पाच जणांचे वेगवेगळ्या नावाने मिळतात. हेड, फिल्टर, बाऊल, पाइप जोडायचे दोन निपल आणि क्लिपा, सगळं मिळून पाच हजाराच्या आत बसलं.

आमची मालवणजवळ देवबागला टुरिस्टांची बोट आहे, डॉल्फिन, संगम (नदी समुद्राला मिळते ती जागा), त्सुनामी आयलंड अशा फेऱ्या असतात. चाळीस एचपीचं टू-स्ट्रोक मशीन, दोन सिलेंडर, ऑइल पेट्रोलमध्येच मिक्स करून टाकायचं. मच्छीमारांची बंदी १ जून ते ३१ जुलै, आमचं टुरिझमवाल्यांचं त्याहून जास्त, २६ मे ते ३१ ऑगस्ट सगळं बंद, म्हणजे बोट झापाखाली आणि मशीन पडवीत, तीन महिने वर आणि कोकणातला पाऊस, हवेतच पाणी.

यावर्षी सप्टेंबरात मशीन लावलं तर दुसऱ्या खेचीत चालू. न्यूट्रलला एकदम गोड आवाज, खाडीतून हळू नेलं तरी काय कळत नाही, पण थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला की भसकन बसायचं, बोटीचं नाक वर आणि बोट काय उचलेना, थ्रॉटल मागे घेतला की परत शहाण्यासारखं चालायचं. दहा माणसं घेऊन संगमाच्या तोंडावर असं झालं असतं तर विचार करा, तिथे करंट किती असतो ते येणाऱ्याला माहीतच आहे.

एका वर्कशॉपला (नाव घेत नाही) फोटो आणि व्हिडिओ पाठवला तर त्यांनी न बघताच कार्ब्युरेटर किट, रिंगा, गरज पडली तर पिस्टन असा आकडा सांगितला की त्यात एखादं सेकंडहँड मशीन आलं असतं. आमच्या शेजारी एक म्हातारे तांडेल (मच्छीमार बोटीचे प्रमुख) आहेत, आयुष्य पातीवर, म्हणजे होडीवर गेलं त्यांचं, ते नुसते किनाऱ्यावर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "इंजिनाक काय एक झालेला नाय रे, त्याका पेट्रोल पोचना नाय. झिलाक पंप दाबूक सांग आणि तू रेस दी."

पंप म्हणजे पेट्रोलच्या पाइपावरचा तो रबरी फुगा. मुलाला फुगा दाबत बसवला, मी फुल थ्रॉटल दिला, आणि बोट उचलली! दाबायचं थांबवलं की परत बसली. ही टेस्ट फुकट आहे आणि कुठलंही मशीन खोलायच्या आधी करायची. फुगा दाबल्यावर ताकद येते म्हणजे कॉम्प्रेशन, प्लग, रिंगा या सगळ्यांना सोडून द्या, गडबड पेट्रोल पोचण्यात आहे. फुगा दाबूनही काहीच फरक पडत नसेल तर मग कार्ब्युरेटरचे जेट बघायचे, कारण जुनं पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर मेन जेटमध्ये बसतो, आणि हळू चालताना मशीन दुसऱ्याच जेटवर चालत असतं म्हणून तोपर्यंत सगळं ठीक वाटतं. आणि चालू असताना फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर टाकीकडे बघा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असतो, नाहीतर टाकीतली जाळी चोंदलेली असते. तो हवेचा स्क्रू निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम असतो, हसू नका.

दुसरी टेस्ट म्हणजे शेजाऱ्याची टाकी त्याच्या पाइपासकट मागून आणायची आणि आपल्या मशीनला लावायची. आमचं मशीन त्याच्या टाकीवर सुसाट पळालं. म्हणजे दोष आमच्या टाकीत किंवा पाइपात, विषय संपला.

मग टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल एका पाण्याच्या बाटलीत काढलं आणि उन्हात ठेवलं. वर निळसर पेट्रोल, ऑइलचा रंग असलेलं, आणि खाली बोटभर बिनरंगाचा थर, मध्ये एकदम स्पष्ट रेघ, बाटली हलवली की खालचा थर जड होऊन डुलतो. आता सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, काही मर्यादेपर्यंत ते मिसळून राहतं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून तळाला जाऊन बसतात. आणि टाकीतली नळी पेट्रोल कुठून उचलते? तळातूनच. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर अजून एक नीट लक्षात घ्या, ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच. म्हणजे मशीन नुसतं ताकद सोडत नाही तर ऑइलशिवाय चालतं, आणि तसंच रेटत राहिलो असतो तर त्या वर्कशॉपचा आकडा खरा झाला असता.

तर फिल्टर. बसवायला अर्धा दिवस गेला, खरं तर तासाभराचं काम आहे पण निपलची साइज जुळेना. टाकी, मग फिल्टर, मग फुगा, मग इंजिन असा क्रम ठेवला. उभाच बसवायचा, आडवा नाही, आणि बाऊल काढायला खाली हात जाईल एवढी जागा सोडायची. निपलच्या आट्यांना प्लंबरचा पांढरा टेप अजिबात गुंडाळू नका, त्याचे तुकडे सुटून पुढे जेटमध्ये जातात, पेट्रोलला चालणारा सीलंट मिळतो तो लावा. फिल्टर हाताने घट्ट करायचा, रबराला थोडं ऑइल लावून, पान्याने आवळला की पुढच्या वेळी निघत नाही. पाइप पण नवीन टाकला, जुना बाहेरून चांगला दिसत होता पण कापल्यावर आतला थर सुटून लोंबत होता, तो ओढ लागली की आतल्या आत व्हॉल्व्हसारखा बंद होतो. हे इथेनॉलमुळे जुन्या पाइपात होतं.

पहिल्याच आठवड्यात बाऊलमध्ये चमचाभर पाणी आणि काळ्या रबराची बारीक पूड जमली. टाकी धुऊन, ताजं पेट्रोल भरूनसुद्धा! हे सगळं आधी कार्ब्युरेटरमध्ये जात होतं. आता रोज सकाळी टुरिस्ट यायच्या आधी बाऊलवर एक नजर टाकतो, आणि या फिल्टरचा खरा फायदा तो आहे, पाणी गाळतो त्यापेक्षाही पाणी दिसतं हा.

पण जादू नाही हं. पेट्रोलमध्ये विरघळलेलं पाणी हा काढत नाही, सुटं पाणीच काढतो. आणि पेट्रोल एकदा बाटलीत दिसलं तसं फाटलं की फिल्टर लावून ते वापरता येत नाही, ते पेट्रोल गेलंच समजा. खाडीत ओतू नका, गॅरेजवाला पार्ट धुवायला खुशीने नेतो. माझ्या मशीनच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलंय, पंपावर मिळतं वीसवालं, त्याला फिल्टर काय करणार. म्हणून मेअखेरीला टाकी पूर्ण रिकामी करायची, मशीन गोड्या पाण्यावर लावून पेट्रोलचा पाइप काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवायचं, आणि मग ठेवायचं.

आणि रेस चढते पण बोट पळत नाही असं असेल तर फिल्टरवर पैसे घालवू नका, तो पंख्याच्या आतला रबरी बुश घसरतोय. मागून पाण्याची धार बारीक येत असेल तर इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणारं रबरी चाक) बघा, तीन महिने एकाच जागी दुमडून पडला की त्याची पाती वाकतात. बोट पाण्यातच राहिली असेल तर आधी खालचे काकय (बुडाला चिकटलेले कठीण कवचाचे जीव) खरवडा, मग इंजिनला शिव्या द्या.

तक्रारी दोन. बाऊल प्लास्टिकचा आहे, आमच्यासारख्या उघड्या बोटीत ठीक, पण आत बंद खणात इंजिन असलेल्या बोटीला हा लावू नये, आग लागली तर पहिला तोच वितळेल, तिथे धातूच्या बाऊलचा घ्या. दुसरी म्हणजे पाणी सोडायचा खालचा नॉब. तो हलक्या प्लास्टिकचा आहे, मीठ बसलं की फिरत नाही आणि जोर लावला की तुटेल अशी भीती वाटते, या किमतीत पितळेचा द्यायला काय हरकत होती. दुकानदाराला विचारलं तर म्हणे नुसता नॉब येत नाही, पूर्ण बाऊल घ्या. पाचपैकी चार, एक त्या नॉबचा कापला. एक जास्तीचा फिल्टर सोबतच मागवून ठेवा, मालवणात मला सीझनला मिळाला नाही, कुरिअरची वाट बघत बसावं लागलं.