स्कॅनमधला काळा डाग आणि आमचे वाया गेलेले दोन महिने

अण्णांच्या उजव्या फुफ्फुसातल्या गाठीची बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. सर्जन ऑपरेशनचं बोलत होते, पण अण्णांनी छाती उघडण्याची धास्तीच घेतली. तेवढ्यात ओळखीतून एका डॉक्टरांचं नाव कळलं. ते म्हणे थेट गाठीत इंजेक्शन देतात, गाठ जागच्या जागी विरघळते. 'अमेरिकेत २०१५ सालीच मान्यता मिळाली आहे,' म्हणून त्यांनी कात्रण दाखवलं. ती मान्यता मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवरच्या इंजेक्शनला होती, फुफ्फुसाच्या नव्हे. कात्रण मी नीट वाचलं ते फार उशिरा.

तीन वेळा सीटी पाहत पाठीतून सुई घातली. प्रत्येक वेळी अण्णांना खोकल्याची उबळ यायची आणि तोंडात स्पिरिटसारखी चव. 'औषध पोचल्याची खूण आहे,' असं आम्हाला सांगितलं. दुसऱ्या वेळी फुफ्फुसाबाहेर हवा साठली, दम लागला, छातीत नळी घालावी लागली. तेही 'असं होतंच' म्हणून गेलं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी फिल्म प्रकाशावर धरली, पेनाचं टोक गाठीच्या मध्यावर टेकवलं. तिथे काळा डाग होता. 'बघा, पोकळ झाली.' मी तिथेच रडलो, आनंदानं.

मग दुसऱ्या ठिकाणी कॅन्सरतज्ज्ञांना तीच फिल्म दाखवली. त्यांनी बोट मध्यावर नाही, कडेवर ठेवलं. टोचलेलं बहुधा अल्कोहोल असावं, असा त्यांचा अंदाज. अल्कोहोल पेशींतलं पाणी शोषतं, प्रथिनं गोठवतं, बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतं. जिथे पोचेल तिथली ऊती मरते. यकृताच्या काही लहान गाठींत ते खरोखर वापरतात, कारण तिथे गाठीभोवती आवरण असतं, आजूबाजूचं यकृत कडक झालेलं असतं, औषध आत टिकतं. फुफ्फुस मऊ, हवेनं भरलेलं. औषध श्वासनलिकेत झिरपतं, म्हणून ती चव. मधला भाग मेला होता, कडेच्या पेशी जिवंत होत्या. आणि छातीच्या मध्यातल्या लसिकाग्रंथी, म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सर पसरताना बहुधा आधी जिथे जातो त्या छोट्या ग्रंथी, ज्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, डाव्या बाजूपर्यंत वाढल्या होत्या. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

गाठीत इंजेक्शन देणं म्हणजे सरसकट लबाडी, असं मी म्हणत नाही. श्वासनलिका अडवणाऱ्या गाठीत दुर्बिणीतून केमोचं औषध टोचण्याचे प्रयोग प्रामाणिक डॉक्टरही करतात, पण ते काय टोचतायत ते सांगतात. तुमच्यावर ही वेळ आली तर औषधाचं नाव आणि प्रमाण लेखी मागा. ग्रंथींचं काय, हे विचारा. बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी झाली का, तेही विचारा, कारण काहींना गोळ्यांचा उपचार लागू पडतो. आमची ती तपासणी दोन महिने कुणी केली नव्हती.

केमो सुरू करण्याआधी नव्या डॉक्टरांनी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर 'लोकल इंजेक्शन थेरपी' एवढंच लिहिलं होतं, औषधाची जागा कोरी. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, नक्की काय टोचलं? अण्णा माझ्याकडे पाहत होते.