‘क्रिमिनल’ आणि इतर गुन्हेकथा-कॉमिक्स : सुटे अंक, टॅबलेट आणि पुठ्ठ्याची पुस्तके, दहा महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक कॉमिक्सचे दुकान आहे. दहा महिन्यांपूर्वी मी तिथे ‘पुल लिस्ट’ सुरू केली. आपल्याकडे पेपरवाल्याकडे साप्ताहिक लावतात तसाच हा प्रकार आहे: कोणती मालिका हवी ते एकदा सांगून ठेवायचे, दुकानदार दर बुधवारी आलेल्या नव्या मालातून आपला अंक बाजूला काढून ठेवतो आणि आपण सवडीने जाऊन घेऊन येतो. मी फक्त गुन्हेकथा लावल्या, त्याही सुपरहिरो नसलेल्या आणि लेखक-चित्रकारांच्या स्वतःच्या मालकीच्या. त्याच काळात जुने अंक टॅबलेटवर वाचले आणि काही संग्रह पुठ्ठा-बांधणीत विकत घेतले. तेव्हा हा अनुभव जितका कथांचा आहे तितकाच त्या कोणत्या रूपात वाचाव्यात याचाही आहे, आणि माझ्यापुरता तरी दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरला.

सुरुवात ‘क्रिमिनल’पासून केली. एड ब्रुबेकर लेखक आणि शॉन फिलिप्स चित्रकार. या जोडीची ही मालिका ऑक्टोबर २००६मध्ये मार्व्हलच्या ‘आयकॉन’ या उपशाखेतून सुरू झाली, २००७मध्ये तिला सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयस्नर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे ती इमेज कॉमिक्स या दुसऱ्या प्रकाशनाकडे आली. आज दुकानात जे संग्रह मिळतात ते इमेजचे. मुखपृष्ठावर ‘क्रिमिनल’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत पाहताना मला दर वेळी १९५४चा कॉमिक्स कोड, म्हणजे अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, आठवतो. त्या नियमावलीनुसार मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द एकटा छापता येत नसे, नावात तो असलाच तर इतर शब्दांपेक्षा ठळकपणे मोठा नसावा असे बंधन होते, आणि प्रत्येक गोष्टीत गुन्हेगाराला शिक्षा होणे सक्तीचे होते. अमेरिकेतली गुन्हेकथा-कॉमिक्स त्यामुळे कित्येक वर्षे जवळजवळ संपलीच होती. ‘क्रिमिनल’मध्येही शिक्षा होते, पण ती पोलीस किंवा न्यायालय देत नाही. माणूस आपल्या स्वभावानेच ती ओढवून घेतो.

या मालिकेची मोठी सोय अशी की प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. ‘कावर्ड’मधला लिओ पाकीटमारी आणि दरोड्यांच्या आखणीत तरबेज आहे, पण काम बिघडले की सर्वांत आधी पळून जायचे हा त्याचा नियम आहे. ‘लॉलेस’मध्ये ट्रेसी नावाचा सैनिक भावाच्या खुन्यांचा शोध घेत परत येतो. ‘द डेड अँड द डाइंग’ या तीन अंकांच्या भागात १९७२ सालची एकच हकीकत तीन वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने सांगितली आहे. पात्रे एकमेकांच्या गोष्टींत डोकावतात. एका ठिकाणी कोपऱ्यात दारू पिणारा माणूस दुसऱ्या भागात नायकाचा बाप म्हणून समोर येतो. क्रम चुकला तर बिघडत नाही, उलट मागे जाऊन जुने पान पुन्हा उघडण्यात गंमत आहे. मी स्वतः क्रम चुकवला आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

तरीही एकच भाग घ्यायचा असेल तर मी २०११चा ‘द लास्ट ऑफ द इनोसंट’ सुचवीन. चार अंकांचीच ही गोष्ट. रायली नावाचा कर्जात बुडालेला माणूस आपल्या जुन्या गावी परततो आणि श्रीमंत बायकोच्या खुनाचा बेत आखू लागतो. चालू काळ फिलिप्सच्या नेहमीच्या शैलीत आहे: जाड सावल्या, थकलेले चेहरे. मात्र रायलीला तरुणपण आठवू लागले की चित्रेच बदलतात. आपण लहानपणी रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेतलेल्या आर्ची कॉमिक्ससारखी गोल, स्वच्छ रेषा येते, सपाट गोड रंग येतात, गालांवर लाली येते. त्या लाडक्या चेहऱ्यांच्या तोंडी आणि हातांत मात्र ज्या गोष्टी आहेत त्या त्या कॉमिक्समध्ये कधी आल्या नसत्या.

माझे वडील सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांवर त्यांची पिढी वाढली. इंग्रजी कॉमिक हातात धरायला ते तयार नव्हते, तरी एका पावसाळी दुपारी त्यांनी हे पुस्तक टेबलावरून उचलले आणि संवादांचे फुगे न वाचता नुसती पाने उलटत बसले. वीसेक मिनिटांनी मला हाक मारून त्यांनी आठवणींच्या एका पानावर बोट ठेवले आणि म्हणाले, “अरे, हा पोरगा एवढा गुणी कधीच नसणार. ह्यानं स्वतःच तसं ठरवून ठेवलंय.” गोष्टीचे मर्म त्यांनी एकही वाक्य न वाचता पकडले होते. चित्रकाराबद्दल याहून वेगळे प्रशस्तिपत्र मी देऊ शकत नाही.

आता टॅबलेटबद्दल. पहिले तीन महिने मी बरेचसे वाचन दहा इंची पडद्यावर केले, कारण ते स्वस्त पडते आणि घरात जागा अडत नाही. ‘क्रिमिनल’ची पाने बहुतेक करून तीन ओळींच्या चौकटींत मांडलेली असतात. वरच्या ओळीत माणूस दारात उभा, मधल्या ओळीत दोन चेहरे, खालच्या ओळीत रिकामी खोली, अशी ती मांडणी एका नजरेत येते, आणि खालची रिकामी खोली डोळ्याच्या कडेला आधीच दिसत असल्यामुळे मधले संभाषण वाचताना पोटात गोळा येतो. पडदा मूळ पानापेक्षा लहान असल्याने मी एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय वापरू लागलो, आणि ही सगळी करामत नाहीशी झाली. गोष्ट कळत होती. धाकधूक मात्र उरली नव्हती. दुसरी अडचण काळ्या रंगाची. फिलिप्सच्या चित्रात निम्मे पान शाईने भरलेले असते, आणि मागून उजेड फेकणाऱ्या पडद्यावर रात्री दिवे मालवून वाचताना तो काळा राखाडी दिसतो. प्रवासात मी अजूनही टॅबलेट नेतो, पण नवी गोष्ट त्यावर पहिल्यांदा वाचत नाही.

सुट्या अंकांचा अनुभव याच्या अगदी उलट, आणि त्रासाचाही. पिना मारलेला पातळ अंक पंधरा मिनिटांत संपतो आणि मग महिनाभर थांबायचे. ही वाट पाहणे मला आवडू लागले, हे कबूल केले पाहिजे. दिवाळी अंकातली क्रमशः कादंबरी पुढच्या वर्षीच पुरी होणार असे कोणी सांगितले तर जशी चिडचिड होईल तशी ती आधी होत होती. ‘क्रिमिनल’च्या सुट्या अंकांत कथेनंतर जुने गुन्हेपट आणि कादंबऱ्या यांवर लेख असत, त्यांसोबत फिलिप्सची चित्रे असत, आणि ते लेख बहुतेक संग्रहांत पुन्हा छापलेले नाहीत. मी जुन्या अंकांच्या खोक्यांतून २०१९च्या मालिकेचे काही अंक केवळ त्यासाठी शोधून काढले.

त्रास दुकानाच्या बाजूने झाला. या धंद्यात दुकानदाराला अंक येण्याच्या काही आठवडे आधी पक्की मागणी नोंदवावी लागते, आणि न खपलेल्या प्रती साधारणपणे परत करता येत नाहीत. म्हणून लहान प्रकाशनांच्या गुन्हेकथा तो मोजक्याच मागवतो. माझ्या यादीतल्या एका मालिकेचा तिसरा अंक त्याने मागवलाच नाही, चौथा मात्र ठेवला. विचारल्यावर त्याने दिलगिरी व्यक्त करून तो दुसरीकडून मिळवून देण्याचे कबूल केले. तो सात आठवड्यांनी आला, आणि आला तेव्हा त्याच्या पाठीवर दुमड पडलेली होती. आणखी एक मालिका मधेच थांबली आणि पुढचा अंक कधी येणार हे कोणीच सांगू शकले नाही. मालिका पुरी होईल याची खात्री हवी असणाऱ्याने सुट्या अंकांच्या वाटेला जाऊ नये.

ब्रुबेकर आणि फिलिप्स यांनी स्वतःच या वाटेवरून बरीच माघार घेतली आहे. डिसेंबर २०२०मध्ये ‘रेकलेस’ आले ते थेट पुठ्ठा-बांधणीचे पूर्ण पुस्तक म्हणून. १९८०च्या दशकातले लॉस एंजेलिस, बंद पडलेल्या जुन्या चित्रपटगृहात राहणारा ईथन रेकलेस, आणि लोकांची न सुटणारी भानगड पैसे घेऊन निस्तरण्याचा त्याचा उद्योग. पुढची दोन पुस्तके २०२१ संपण्याच्या आत आली. छापील किंमत २४ डॉलर ९९ सेंट. सुरुवातीला ही मला जास्त वाटली, पण सुट्या अंकांवर केलेल्या खर्चाचा हिशेब मांडल्यावर फरक फारसा उरला नाही. दहा महिन्यांत पहिले पुस्तक तीन जणांनी वाचले, एकदा त्यावर चहाही सांडला, तरी पाने सुटलेली नाहीत आणि पुस्तक टेबलावर बऱ्यापैकी सपाट राहते. रंग फिलिप्सच्या मुलाचे, जेकब फिलिप्सचे आहेत. तो रेषेच्या आत रंग भरत बसत नाही. गुलाबी, नारिंगी, निळे मोठे पट्टे चेहऱ्यावरून बिनधास्त ओढतो. कागदावर ते उन्हासारखे दिसतात, टॅबलेटवर भडक.

‘क्रिमिनल’चा मोठा डीलक्स संग्रहही मी घेतला. पहिल्या खंडात वर सांगितलेले पहिले तीन भाग आहेत. देखणा आहे, पण अंथरुणात पडून वाचण्याजोगा नाही. याहून कठीण प्रकार म्हणजे डेव्हिड लॅफमच्या ‘स्ट्रे बुलेट्स’चा एकत्रित ग्रंथ. लॅफमने ही कृष्णधवल मालिका १९९५मध्ये स्वतःच्या प्रकाशनातून सुरू केली, २००५मध्ये चाळिसाव्या अंकावर ती थांबली, आणि एक्केचाळिसावा अंक निघाला २०१४मध्ये. ते सगळे ४१ अंक एकाच पुस्तकात आहेत. मांडीवर उशी घेऊन वाचावे लागते. बहुतेक पानांवर आठ सारख्या चौकटी, आणि सामान्य माणसांच्या घरात हिंसा कशी अचानक घुसते हे तो ज्या कोरडेपणाने दाखवतो त्यापुढे ‘क्रिमिनल’ही जरा रोमँटिक वाटू लागते. मी तो ग्रंथ एका बैठकीत एका अंकापेक्षा जास्त वाचू शकलो नाही, आणि तो दोष ग्रंथाचा नाही.

नव्यांपैकी मनात राहिले ते ‘दॅट टेक्सस ब्लड’, लेखक क्रिस कॉन्डन, चित्रे आणि रंग जेकब फिलिप्सचे, पहिला अंक २०२०चा. सत्तरीला आलेला शेरीफ जो बॉब बायकोच्या सांगण्यावरून शेजारणीकडे राहिलेले ओव्हनमधले भांडे परत आणायला जातो, एवढीच पहिल्या अंकाची सुरुवात. आपल्याकडे शेजारी गेलेला डबा परत आणण्यासारखेच ते काम, आणि त्यातून जे उद्भवते ते इथे सांगणे योग्य नाही. चिप झ्डार्स्की आणि जेकब फिलिप्स यांचे ‘न्यूबर्न’ दोन खंडांत मिळते. न्यूयॉर्कच्या सगळ्या टोळ्यांनी मिळून नेमलेला खासगी गुप्तहेर ही कल्पना उत्तम आहे, प्रकरणे मात्र कमी-जास्त.

तक्रारी ब्रुबेकरबद्दलही आहेत. त्याची जवळजवळ सगळी पात्रे चौकटीच्या वरच्या मजकूर-पट्टीतून आत्मनिवेदन करतात आणि सगळ्यांचा स्वर एकच असतो. पाचवे पुस्तक हातात घेईपर्यंत बोलणारा पाकीटमार आहे की लेखक हे चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीच्या भागांतल्या बायका बहुतेक वेळा पुरुषाच्या नाशाचे निमित्त म्हणूनच येतात. २०२०मध्ये संग्रहरूपात आलेल्या ‘क्रूएल समर’ या ‘क्रिमिनल’च्याच भागात हे बरेच सुधारले आहे. घरात लहान मुले असतील तर ही पुस्तके वरच्या फळीवर ठेवावीत. चित्रे आहेत म्हणून ती मुलांची होत नाहीत, हे मला नातलगांना दोनदा समजावून सांगावे लागले.

गेल्या आठवड्यात मी पुल लिस्ट कमी केली. चार मालिकांपैकी तीन काढल्या, त्यांचे संग्रह येतील तेव्हा घेईन. एक ठेवली आहे, कारण तिच्या शेवटच्या पानांवर अजून वाचकांची पत्रे छापतात. वडील परत सांगलीला गेले; जाताना त्यांनी ‘द लास्ट ऑफ द इनोसंट’ बॅगेत टाकले आणि शेवटी तो पोरगा सापडतो का, एवढे फोनवर विचारले. मी सांगितले नाही.